दूधगाडीला एक्झॉस्ट ब्रेक: मोथा ते परतवाडा उताराच्या नोंदी

गाडी: २०१४ ची डिझेल पिकअप, २,५२३ सीसी, चार सिलिंडर, टर्बो, बीएस-३. पुढे डिस्क, मागे ड्रम, व्हॅक्यूम बूस्टर (ब्रेक पेडल दाबायला व्हॅक्यूमने मदत करणारा डबा). वर जाताना सरकी ढेप आणि कुटार, खाली येताना दूध. म्हणजे उतारावरही पूर्ण लोड. ज्यांची गाडी भरून चढते आणि रिकामी उतरते, त्यांनी माझे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत.

९ ऑक्टोबर २०२३

सकाळी सव्वासात. चिखलदऱ्याजवळच्या मोथ्याहून २६ कॅन भरून निघालो. धुकं होतं, म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू ब्रेक दाबत उतरत होतो. निम्म्या घाटात जळका वास आला. वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. पुढे ट्रकच नव्हता. दोन वळणांनंतर पेडल अर्ध्यापर्यंत मऊ गेलं, दुसऱ्यांदा दाबलं तर तळाला. गाडी डोंगराच्या बाजूच्या नालीत घातली, पहिला गिअर, हँडब्रेक. क्लीनर पोराने उडी मारून चाकामागे दगड लावला. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. वीस मिनिटं तसेच बसलो. मग पेडल आपोआप परत वर आलं, आणि याचीच जास्त भीती वाटली.

दूध शीतकरण केंद्रावर उशिरा पोचलं, चार कॅन फाटले म्हणून परत.

१२ ऑक्टोबर

नाक्यावर ज्याला विचारावं तो सांगतो, "एक्झॉस्ट ब्रेक टाकून घे भाऊ, मोठ्या गाड्यायले असतेच." असतो हे खरं. सायलेन्सरच्या पाइपात एक पान बसवलेलं असतं. ते बंद झालं की धूर बाहेर पडू शकत नाही, इंजिन कॉम्प्रेसरसारखं दाबात अडकतं आणि चाकांना मागे ओढतं.

अमरावतीला पॉलिटेक्निकला असलेल्या पुतण्याने फोनवर हिशेब करून दिला. जिनिंगच्या काट्यावर माझी भरलेली गाडी ३,०८० किलो भरली होती. उतार सहाशे मीटर धरला तर एका खेपेत जेवढी ऊर्जा जिरवायची, ती साधारण पाच युनिट विजेइतकी. "काका, दोन किलोवॅटचा गीझर अडीच तास चालवला तर जेवढी उष्णता, तेवढी तुम्ही अर्ध्या तासात चार चाकांत कोंबता." हे ऐकल्यावर नाक्यावरच्या सल्ल्याबद्दल शंका उरली नाही. घाई इथेच झाली.

१५ ऑक्टोबर

नागपूरच्या भंगार बाजारातून एक्झॉस्ट ब्रेक आणला. २,२०० रुपये. जाण्यायेण्याचं डिझेल २,६००, वर एक अख्खा दिवस. वस्तू दणकट, जड, पान छान फिरतं.

घरी आणून गाडीखाली धरला तेव्हा दोन गोष्टी कळल्या. त्याचा सिलिंडर हवेवर चालतो, आणि पिकअपला हवेचा टँकच नसतो. दुसरं, त्याचं तोंड साडेतीन इंची, माझा पाइप दोन इंची. हे दोन्ही दुकानात उभं राहून पाच मिनिटांत दिसलं असतं. टेप खिशात होता.

विक्रेत्याने परत घेतला नाही, आणि ते बरोबरच. स्थानिक भंगारवाल्याने ९०० दिले.

१७ ऑक्टोबर

पुतण्या सुटीला आला. त्याने बंदुकीसारखा तापमान मोजायचा थर्मामीटर घ्यायला लावला, ९०० रुपये. अर्ध्या लोडवर (१३ कॅन) उतरलो, पायथ्याशी थांबून दोन मिनिटांत मोजलं. पुढच्या डिस्क २९० अंश, मागचे ड्रम ८० अंश.

पुतण्या म्हणाला, "काका, मागचा ब्रेक काम करते का?" मी म्हटलं, करते न, लायनर मागच्याच वर्षी बदलले. आता वाटतं, हा प्रश्न ९ तारखेलाच पडायला हवा होता.

२१ ऑक्टोबर

अमरावतीत दुसरा एक्झॉस्ट ब्रेक मिळाला. जुन्या जपानी बनावटीच्या हलक्या ट्रकवरचा, व्हॅक्यूमने चालणारा, तोंड दोन इंची. ३,५०० रुपये. काजळीने दांडा पूर्ण जाम. रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवला, सकाळी गॅसवर तापवून हळूहळू फिरवला. हातोडी मारू नये. पान वाकलं तर बंद होताना पाइपाला घासतं आणि अडकून राहतं. बंद अवस्थेत अडकलं तर गाडी चढावर उभीच.

निवडताना मी हे पाहिलं, या क्रमाने: तोंडाचा व्यास, कशावर चालतो (हवा, व्हॅक्यूम की करंट), दांड्याची ढिलाई, आणि स्प्रिंग पान उघडं ठेवते की बंद. शेवटचं फार महत्त्वाचं. व्हॅक्यूम गेला तर पान आपोआप उघडायलाच हवं. बाजारात करंटवर चालणारेही मिळतात, पण मी पाहिलेल्यांपैकी एकाचीही मोटर उन्हाळ्यातल्या धुळीत दोन वर्षं टिकेल असं वाटलं नाही.

बीएस-६ गाडी असेल, धुराच्या वाटेत काजळीची जाळी असेल, तर ही नोंद वाचून थांबा. त्या गाडीत हे करू नका.

२५ ऑक्टोबर

चाचा मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी वस्तू हातात घेतली, फिरवून पाहिली, बाजूला ठेवली. "भाऊ, ब्रेक लावाचा असंन तं आधी चाकं खोल. नाही तं मी हात लावत नाही." मला राग आला. मी काम वेगळं घेऊन आलो होतो.

चाकं खोलली. पुढचे पॅड कागदासारखे. मागचे लायनर जवळपास नवे, वर काचेसारखी चकाकी. दोन व्हील सिलिंडरांपैकी एकाची रबरं फुगलेली. ब्रेक ऑइल काळ्या चहासारखं.

मग चाचा गाडीखाली सरकले आणि आतूनच ओरडले, "हा पाटा कोनं वाढोला?"

मीच. मे महिन्यात. ढेपेची तीस पोती एका खेपेत न्यायची म्हणून मागच्या स्प्रिंगांना एक-एक पाटा जास्तीचा टाकून घेतला होता. तीस पोती म्हणजे पंधराशे किलो, तेही चूकच, पण ते इथे सोडून देतो.

या गाडीत मागच्या आक्सलपाशी एक वाल्व असतो. त्याची दांडी आक्सलला जोडलेली असते. लोड पडला की मागचा भाग खाली बसतो, दांडी फिरते आणि वाल्व मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे रिकामी गाडी मागून घसरत नाही. पाटा वाढवल्यामुळे माझी गाडी भरूनही बसत नव्हती.

"तुया वाल्वले वाट्टे गाडी रिकामीच हाय," चाचा म्हणाले. "सारा बोजा पुढच्या चाकायवर. अन् तू निंगाला सायलेन्सरले ब्रेक लावाले."

दोन्ही पाटे काढले, दांडी मूळ खुणेवर आणली, पॅड बदलले (१,४५०), व्हील सिलिंडरांच्या किट (६४०), डॉट ४ ऑइल (४२०), मजुरी १,२००. ऑइलबद्दल एवढंच: डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेलं १४० ला उकळू शकतं. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफ, वाफ दबते, पेडल तळाला. गार झालं की पेडल परत वर. ९ तारखेचं कोडं इथे सुटलं.

२८ ऑक्टोबर

पूर्ण लोड, कोरडा रस्ता. रोज एकच बदल करायचा असं ठरवलं.

तिसरा गिअर, ताशी ३० च्या आसपास: पुढे ३००, मागे २४०. मागचा ब्रेक आता काम करतो हे दिसलं, पण दोन्ही आकडे वाईटच.

२९ ऑक्टोबर

दुसरा गिअर, ताशी २५: पुढे १८५, मागे १६०. एक रुपयाही न घालता.

वेळेचा फरक? उताराचे १३ किलोमीटर कालच्या पद्धतीने २६ मिनिटांत झाले, आज ३१ मिनिटांत. पाच मिनिटांसाठी मी वर्षभर पॅड जाळत होतो. गाडीला आरपीएमचा काटा नाही. पुतण्याने टायर आणि गिअरच्या हिशेबाने सांगितलं की तिसऱ्यात ३० ला इंजिन साधारण २,००० वर असतं, दुसऱ्यात २५ ला २,७०० वर. आवाज ऐकून वाटतं इंजिन फाटतंय. फाटत नाही. उतारावर पाय उचलला की डिझेल बंद असतं, नुसतं फिरतं. फक्त ३,२०० च्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि क्लच दाबायचा नाही.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण ३,५०० ची वस्तू पोत्यात पडून होती आणि पावसाळ्यात घाटात मागचे लोक दुसऱ्या गिअरवाल्याला शिव्या देतात. पुढे गेलो.

५ नोव्हेंबर

बसवणी. जागा: टर्बोनंतरच्या पाइपावर, लवचीक जोडाच्या आधी. जोडानंतर बसवला तर दाब आधी जोडच फोडतो. दोन्ही बाजूंना फ्लँज (बोल्टने जोडायच्या चकत्या), लेथवाल्याकडून करून घेतले, १,८००. वेल्डिंग थेट पाइपाला नको, फ्लँजमध्ये नट-बोल्टच हवा. कारण पुढे येईल.

बसवणीची मजुरी २,०००. दिवस दीड लागला. त्या दोन दिवसांसाठी दुसऱ्याची गाडी रोजी १,८०० ने.

७ नोव्हेंबर

सगळ्यात मोठी चूक या दिवशी झाली.

व्हॅक्यूम आल्टरनेटरच्या पाठीमागच्या पंपातून येतो. बूस्टरकडे जाणारी नळी समोरच दिसली, तिच्यात टी (तीन तोंडांचा जोड) टाकली आणि एक्झॉस्ट ब्रेकला जोड दिला. अंगणात गाडी चालू करून बटण चार-पाच वेळा पटापट दाबलं. पान झकास बंद-उघड. मग सहज ब्रेकवर पाय ठेवला. लाकडाच्या ओंडक्यासारखा कडक.

बूस्टरचाच व्हॅक्यूम एक्झॉस्ट ब्रेक पिऊन टाकत होता. टी बूस्टरच्या उलट-न-जाऊ-देणाऱ्या वाल्वच्या आतल्या बाजूला, म्हणजे बूस्टरकडे पडली होती. घाटात हे झालं असतं तर एक ब्रेक लावताना दुसरा गेला असता. चाचांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "आज वर जाऊ नोको."

दुरुस्ती: टी पंपाच्या बाजूला हलवली, म्हणजे बूस्टरचा वाल्व मध्ये आला. एक्झॉस्ट ब्रेकसाठी वेगळी छोटी व्हॅक्यूम टाकी (भंगारातून ६००), तिच्या तोंडाशी स्वतःचा नॉन-रिटर्न वाल्व. आणि टाकीकडे जाणाऱ्या नळीत दीड मिलिमीटर भोकाचा पितळी तुकडा. उद्या एक्झॉस्ट ब्रेकच्या व्हॅक्यूम डब्यातला पडदा फाटला तर पंपाचा सगळा दम त्या फाटक्या पडद्यातून जाऊ नये, बूस्टर भरत राहावा. मग पुन्हा तपासलं: इंजिन बंद, एक्झॉस्ट ब्रेकची नळी मुद्दाम काढून टाकली, तरी ब्रेक पेडलला तीन वेळा मदत मिळाली. ही तपासणी केल्याशिवाय कोणी रस्त्यावर जाऊ नये.

८ नोव्हेंबर

वायरिंग. बटण नुसतं दिलं तर क्लच दाबताच इंजिन बंद पडतं. अंगणात तीनदा पडलं. म्हणून दोन स्विच: एक क्लचच्या पेडलला, एक अॅक्सिलरेटरला. कशालाही पाय लागला की पान उघडलंच पाहिजे. रिले, वायर, स्विच मिळून ७५०. पान बंद असताना डिझेल गेलं तर काळा धूर आणि तापलेला टर्बो, दोन्ही मिळतात.

११ नोव्हेंबर

दाब मोजायचा काटा लावला (४८०). पानाच्या आधी भोक, तिथून तांब्याची नळी वेटोळी करून केबिनपर्यंत. वेटोळं नसेल तर गरम धुराने काटा पहिल्याच दिवशी मरतो.

दुसरा गिअर, २,७०० च्या आसपास, पान बंद. काटा ३.२ किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) गेला आणि इंजिनातून टक-टक आवाज यायला लागला. लगेच सोडलं.

आवाज एक्झॉस्ट वाल्वचा. मागे साचलेला दाब शेजारच्या सिलिंडरचा बंद वाल्व ढकलून उघडतो, मग तो स्प्रिंगच्या जोराने परत आपटतो. तेव्हा किती दाब चालेल हे एक्झॉस्ट ब्रेक ठरवत नाही, वाल्वची स्प्रिंग ठरवते. चाचांनी नवी स्प्रिंग आणली, ड्रिल मशीनच्या खाली किराणा काट्यावर ठेवून बसवलेल्या उंचीपर्यंत दाबली: २४ किलो. वाल्वचं डोकं ३६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्र सव्वादहा चौरस सेंटिमीटरच्या जरा आत. भागाकार २.३६ किलो. काटा सरासरी दाखवतो, धक्के त्याच्या वर जातात. म्हणून १.६ ची मर्यादा ठरवली.

(किराणा काटा चाचांच्या घरचा होता. चाचींना अजून सांगितलेलं नाही.)

१२ ते १४ नोव्हेंबर

दिवाळीत हेच. पानाला भोक पाडून दाब उतरवला. ६ मिमी: २.४. वाढवून ९ मिमी: १.९. ११ मिमी: १.६. टक-टक बंद. एकदम मोठं भोक पाडू नये, लहान करता येत नाही. प्रत्येक वेळी पाइप उतरवावा लागतो, म्हणून फ्लँज हवेत.

१९ नोव्हेंबर

तिसऱ्या खेपेलाच केबिनमध्ये धुराचा वास आणि पायाशी फस-फस. मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनाला धुराची नळी जुळते तिथलं, जुनं पॅकिंग उडालं. आजवर त्याला एवढा दाब माहीतच नव्हता. पॅकिंग ३५०, मजुरी ८००, कारण एक बोल्ट तुटून आतच राहिला. ज्यांचं पॅकिंग पाच वर्षांपेक्षा जुनं आहे त्यांनी आधीच बदलावं. गाडी दोन दिवस उभी, पुन्हा भाडं.

२६ नोव्हेंबर

शेवटी खरी परीक्षा. पूर्ण लोड, कोरडा रस्ता.

तिसरा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक चालू: पुढे २३०, मागे १९०. काटा जेमतेम ०.८ पर्यंत जातो. इंजिन हळू फिरतंय, दाब साचतच नाही. दुसऱ्या गिअरात एक्झॉस्ट ब्रेकशिवाय जे मिळत होतं त्याहून हे वाईट. म्हणजे "तिसऱ्यातच राहू आणि बटण दाबू" ही माझी मूळची इच्छा इथे संपली.

२७ नोव्हेंबर

दुसरा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक चालू: पुढे १२०, मागे १००. पाय फक्त आंधळ्या वळणांवर लागला. फरक आहे, आणि तो दुसऱ्या गिअरातच आहे.

१० डिसेंबर

रिकामी गाडी, दवाने ओला रस्ता, गाविलगडच्या बाजूला उतार. सवयीने बटण दाबलं, मागची चाकं क्षणभर घसरली. हा ब्रेक फक्त मागच्या चाकांवर ओढतो, आणि रिकाम्या पिकअपच्या मागे वजनच नसतं. बटण सोडलं, गाडी सरळ झाली. रस्त्यात रानगवा उभा होता, तो हलला नाही. बटणाजवळ आता पट्टी चिकटवली आहे: रिकामी + ओला = नाही. क्लीनर ती रोज मोठ्याने वाचतो.

८ जानेवारी २०२४

आजवरचा हिशेब. एक्झॉस्ट ब्रेक आणि बसवणी १०,२८०. पहिल्या चुकीचे, भंगाराचे ९०० वजा करून, ३,९००. ब्रेकची दुरुस्ती ३,७१०. थर्मामीटर ९००. चार दिवस दुसऱ्याची गाडी, ७,२००.

फिटनेसची तारीख जवळ आली. गाडी आठ वर्षांच्या पुढची, दरवर्षी जावं लागतं. हे मी शेवटी पाहिलं, पहिल्यांदा पाहायला हवं होतं: मूळ बनावटीत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि अपघात झाला तर विमावाला आधी हेच विचारेल. परिवहन कार्यालयात लेखी अर्ज दिला, बसवणीचे फोटो आणि दाबाच्या नोंदी जोडून. उत्तर येईपर्यंत ब्रेक काढून ठेवायचा ठरवला. फ्लँज असल्यामुळे अर्ध्या तासात निघाला. जागी लेथवाल्याने केलेला साधा तुकडा बसवला. टी काढली, नळी मूळ स्थितीत.

२० जानेवारी

एक्झॉस्ट ब्रेकशिवाय बारा दिवस. दुसरा गिअर, ताशी २५, २६ कॅन. आज पायथ्याशी पुढे १८०, मागे १६५. पॅड मोजले, अजून आठ मिलिमीटर.

काढलेले दोन पाटे गोठ्यामागे पडले होते. काल शेजारच्या गावचा एक पिकअपवाला ते मागायला आला, ढेपेच्या खेपांसाठी म्हणे. त्याला चाचांकडे पाठवलं.